एनडीएला माझ्या मुलाचे चान्सेस किती?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुका पदरात घ्या.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. सातवीत असताना सिंहगडच्या सहलीहून येताना खडकवासला धरणाशी गाडी थांबली आणि पाण्यापलीकडे बोट दाखवून मास्तरांनी सांगितलं, तिकडे एनडीए, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे. आम्हाला वाटलं उतरेल. उतरलं नाहीच, उलट आता पहाटे पाचला उठून पळायला जातो. दहावीला ८८ टक्के, सेमी इंग्रजी. गणित आवडतं म्हणून बरं आहे. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण बोलायला उभा केला की नुसता आवंढा गिळतो. कबड्डी जिल्ह्यापर्यंत खेळलाय. चष्मा आहे, एका डोळ्याला पाऊण, दुसऱ्याला एक. घरात फौजेत कुणी नाही. मिस्टर एसटीत, मी अंगणवाडीत.

परवा एका अकॅडमीत चौकशीला गेलो. तिथल्या सरांनी मार्कलिस्ट बघितलं, कबड्डीची सर्टिफिकेटं बघितली आणि म्हणाले, "नव्वद टक्के चान्स आहे, दोन वर्षांचे दीड लाख भरा." आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार म्हणतात, शंभरात एक. आता नव्वद धरायचे की एक? पतपेढीतून कर्ज काढायचं की नाही ते यावर अडलंय. जाणकारांनी खरं ते सांगावं, गोड नको.

हौशी_गणिती

सुभेदारसाहेब फारच उदार आहेत. जागा एका परीक्षेला सुमारे ४००, अर्ज लाखांनी. समजा चार लाख धरले तर हजारात एक. म्हणजे ०.१ टक्का. विषय संपला.

आडवाट

संपत नाही हो गणिती. भागाकार बरोबर आहे, पण तो कुणाचा केलात? फॉर्मची फी शंभर रुपये, मुलींना तीही नाही. मित्राने भरला म्हणून भरणारे, परीक्षेच्या दिवशी झोपून राहणारे, गणिताचा पेपर बघून अर्ध्या तासात पेन खिशात घालणारे, आणि पहाटे पाचला पळणारा हा मुलगा, सगळे तुम्ही एकाच माळेत ओवले. तो हिशोब लॉटरीचा झाला. इथे एकाखाली एक चाळण्या लावल्यात. लेखी, मग एसएसबीचं (फौजेच्या निवड मंडळाचं) स्क्रीनिंग, म्हणजे पहिल्या दिवशीची छाटणी, मग तिथलेच पुढचे चार दिवस, मग मेडिकल, मग मेरिट. ताईंनी विचारायचं ते एवढंच, की आपला मुलगा नेमका कुठल्या चाळणीवर अडकू शकतो.

आणि माझं म्हणणं उलटं आहे. हिशोब मेडिकलपासून सुरू करा. का ते सांगतो.

२०११ ची गोष्ट. दुसऱ्या प्रयत्नात मी रेकमेंड झालो, म्हणजे एसएसबीने निवडलं. कॉन्फरन्स, म्हणजे शेवटच्या दिवशीची निवड मंडळाची बैठक, आटोपल्यावर माझा छातीवरचा नंबर वाचला गेला तेव्हा मी शेजारच्या मुलाकडे बघत राहिलो, म्हटलं याचाच असेल. मोबाईल जमा असायचे, बाहेर येऊन बूथवरून आईला फोन केला. मग लष्करी रुग्णालयात मेडिकल. डोळ्यांच्या खोलीत डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर १२. सांगितलं. दुसऱ्या पानावर ३. डॉक्टर काही बोलले नाहीत, पान उलटलं. पुढे एका पानावर ७०. आणखी एकावर काहीच नाही, नुसते ठिपके. मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. ते म्हणाले, "बस, हो गया."

नंतर कळलं. १२ चं पान सगळ्यांनाच दिसतं, ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. दुसऱ्या पानावर ८ असतो, लाल-हिरव्याची गफलत असलेल्याला त्याचा ३ दिसतो. २९ चे ७० दिसतात. म्हणजे अठरा वर्षं मला हे माहीतच नव्हतं. आंबा पिकलाय की नाही हे मी कायम वासावरून ओळखायचो आणि घरचे कौतुक करायचे की काय नाक आहे!

मेडिकल सगळ्यात शेवटी होतं, पण तपासून घ्यायला सगळ्यात स्वस्त तेच. ताई, या आठवड्यात मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि रंगांची तपासणी करायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. घरी आल्यावर त्याचा पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा. आतल्या बाजूला कमानीची जागा कोरडी राहिली पाहिजे, सगळा तळवा उमटला तर सपाट पावलाची शंका. ताठ उभा केल्यावर घोटे जुळायच्या आधी गुडघे एकमेकांवर घासतात का बघा. कान, नाकाचा पडदा, पायावरच्या सुजलेल्या शिरा, हे सगळं साधे डॉक्टरही बघतात. काही गोष्टी छोट्या ऑपरेशनने सुटतात, पण त्याला महिने लागतात, आणि तुमच्याकडे आज ते महिने आहेत.

चष्म्याचं म्हणाल तर वैमानिक व्हायचं असेल तर अवघड, नौदल कडक, लष्करात मर्यादेपर्यंतचा नंबर चालतो. नेमके आकडे ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या सूचनेच्या मागे वैद्यकीय परिशिष्टात असतात. ती सूचना सगळे वरवर चाळतात आणि परिशिष्ट कुणी वाचत नाही.

भटकभवानी

आडवाट, प्रतिसाद वाचून गलबलून आलं. आंब्याचं तर विसरणार नाही.

अवांतर: माझ्या भाच्याला दंडावर 'आई' गोंदवायचं होतं. फौजेत जायचंय म्हणतो आणि गोंदवतोय! टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतो, दंडावर नाही. आईच धावून आली म्हणून वाचला.

जुना_कॅडेट

आडवाट, मनापासून वाईट वाटलं. आणि तुमचा सल्ला शंभर टक्के पटला.

कोयनाकाठताई, मी तीन वर्षं तिथली धूळ खाल्लीय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी एक कडू गोष्ट. अकॅडमीच्या सरांनी जे दोन कागद बघून नव्वद टक्के सांगितलं, त्या दोन्हींना निवडीत शून्य मार्क आहेत. दहावीचे टक्के कुठेच मोजले जात नाहीत. बारावी फक्त पास हवी (हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन). कबड्डीचे मार्क नाहीत, एनसीसीचे नाहीत, सैनिकी शाळेत शिकल्याचे नाहीत. खेळाचा कोटा नाही, राज्याचा कोटा नाही. एकूण १८०० मार्क: लेखी ९००, एसएसबी ९००. संपलं.

लेखी म्हणजे गणित ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००, प्रत्येकी अडीच तास. गणितात १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क. दुसऱ्या पेपरात १५० प्रश्न, प्रत्येकी चार मार्क, त्यातले २०० मार्क इंग्रजीचे आणि ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडींचे. चूक झाली की एक तृतीयांश मार्क कापतात. आता हे घरी असं करून बघा. यूपीएससीच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत. एका रविवारी मुलाला घड्याळ लावून दोन्ही सोडवायला बसवा, मध्ये चहा नाही, मोबाईल नाही. समजा गणितात ४५ बरोबर आणि १५ चूक: ११२.५ वजा साडेबारा, म्हणजे शंभर. दुसऱ्यात ७० बरोबर आणि ३० चूक: २८० वजा ४०, म्हणजे २४०. बेरीज ३४०. अलीकडच्या परीक्षांत लेखीची रेषा साधारण २९० ते ३६० मध्ये हिंदकळलीय. म्हणजे ३४० वाला मुलगा कधी आत, कधी बाहेर. शिवाय प्रत्येक पेपरात किमान मार्कांची अट वेगळी असते, तेव्हा एकात हिरो आणि दुसऱ्यात झिरो चालत नाही.

तुमच्या मुलाचे आज २०० आले तरी घाबरू नका, अकरावीचाच आहे, अर्धं गणित शिकायचंय. पण सहा महिन्यांनी परत बसवा. दोन रविवारांमधला फरक तुम्हाला सरांच्या नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त सांगेल.

आता अशी एक गोष्ट जी बाहेर कुणाला फारशी ठाऊक नसते. अंतिम मेरिट लिस्ट लागते त्यात जागांपेक्षा जास्त नावं असतात, कारण ती लावताना मेडिकलचा निकाल धरलेला नसतो. यूपीएससी तसं स्पष्ट लिहिते. त्यामुळे लिस्टमध्ये नाव आलं, गावात फ्लेक्स लागला, आणि जॉइनिंग लेटर आलंच नाही असं दरवर्षी होतं. अंतिम यादीतला शेवटचा मुलगा १८०० पैकी साधारण ६५० ते ७३० मध्ये असतो. म्हणून लेखी नुसती पास करणं आणि लेखीत चाळीस-पन्नास मार्क वर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ते पन्नास मार्क शेवटी उपयोगी पडतात. माझे लेखीत काठावरचे होते, एसएसबीने तारलं, पण यादीत इतका खाली होतो की पत्र येईपर्यंत आईने तीन सोमवार जास्तीचे धरले.

मुक्ता७७

मुलींचं काय? माझी लेक नववीत आहे, आत्तापासून विचारते.

जुना_कॅडेट

मुक्ताताई, पेपर तोच, एसएसबी तीच. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना परीक्षेला बसता आलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली पास आउट झाल्या. खेत्रपाल परेड ग्राउंडवर त्यांना 'अंतिम पग' (कॅडेट म्हणून शेवटचं पाऊल) ओलांडताना बघून आमच्या ग्रुपवरचे भलेभले कर्नल रडके स्मायली टाकत होते. जागा मात्र फार थोड्या आहेत, त्यामुळे मुलींची स्पर्धा मुलांपेक्षा कडक होते हे मनात धरूनच तयारी करा. नववीत आहे ही तुमची जमेची बाजू. दहावीनंतर नाशिकला शासनाची मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, २०२३ ला सुरू झालेली. मुलांची छत्रपती संभाजीनगरला आहे, ती १९७७ पासून. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. कोयनाकाठताईंच्या मुलाची ती वेळ गेली, तुमच्या लेकीची नाही.

रोखठोक

मी तीनदा एसएसबीला गेलोय आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आलोय, म्हणून माझं मत फुकट आणि अनुभवी आहे.

पहिल्यांदा स्क्रीन आउट. सकाळी आम्ही दीडशेच्या आसपास, दुपारी चाळीसेक उरले. तिथे आधी बुद्धिमत्तेची चाचणी होते, मग पडद्यावर एक अंधुक चित्र तीस सेकंद दाखवतात. त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. ठरवायची कसली, मासळी बाजार! पंधराजण एकदम ओरडतात. मी 'जो जास्त बोलेल तो निवडला जाईल' असं ऐकून गेलो होतो, म्हणून घसा बसेपर्यंत बोललो. काय बोललो ते मलाच आठवत नाही, मग त्यांनी काय लक्षात ठेवावं.

दुसऱ्यांदा जाण्याआधी एका क्लासला पैसे भरले. त्यांनी साठ शब्दांवरची वाक्यं पाठ करून घेतली. शब्द पडद्यावर येतो, पंधरा सेकंदात वाक्य लिहायचं, लगेच पुढचा. माझी सगळी वाक्यं सुविचारांसारखी. 'पराभव' आला की 'पराभव ही यशाची पायरी'. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत समोरचे साहेब फार प्रेमळ. माझा फॉर्म समोर ठेवून विचारलं, छंद वाचन लिहिलाय, शेवटचं पुस्तक कधी वाचलं? मी म्हटलं गेल्या महिन्यात. कुठे बसून वाचलं? त्यांना पुस्तकाचं नाव नको होतं, कुठे बसलो ते हवं होतं! मला सांगता येईना, कारण मी वाचलंच नव्हतं. 'वाचन' क्लासने लिहायला लावलं होतं. खरं तर मी घरी रोज संध्याकाळी म्हशीचं दूध काढायचो, डेअरीत घालायचो आणि महिन्याचा हिशोब ठेवायचो. ते लिहायला लाज वाटली.

तिसऱ्यांदा दूध लिहिलं. मुलाखत पाऊण तास रंगली, फॅट किती लागतं इथपर्यंत गेली. तरी कॉन्फरन्समध्ये बाहेर पडलो, बहुतेक ग्राउंडवरच्या टास्कमध्ये मी दुसऱ्याच्या फळीकडे बघत उभा राहायचो म्हणून. पण त्या वेळी परत येताना वाईट वाटलं नाही.

ताई, दीड लाख देऊ नका. दिलेच तर गणिताला द्या, स्वभावाला देऊ नका.

हौशी_गणिती

म्हणजे शेवटी टक्केवारी किती? कुणीच आकडा देत नाहीये.

आडवाट

गणिती, आकडा एकाच ठिकाणी कामाचा आहे: किती वेळा बसता येईल. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवं. सूचनेत जन्मतारखेच्या दोन सीमा छापलेल्या असतात, मुलाची तारीख त्यात बसते का बघायचं. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबर. अकरावीतल्याला बसता येत नाही, बारावीला असलेल्याला येतं. मुलाची जन्मतारीख घ्या आणि कॅलेंडरवर पुढच्या परीक्षांवर खुणा करा. बहुतेकांना तीन-चार खेपा मिळतात. एका खेपेचे चान्सेस आणि चार खेपांचे चान्सेस ही दोन वेगळी उत्तरं आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जुना_कॅडेट

रोखठोक, म्हशीबद्दल तुम्हाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

इंग्रजीबद्दल राहिलंच. कोयनाकाठताई, मोडकं इंग्रजी चालतं. आमच्या बॅचला विदर्भातला एक मुलगा होता, 'आय इज' म्हणायचा, पण ग्राउंडवर पहिला ओंडका तो उचलायचा आणि दोरीची गाठ दुसऱ्याची सुटली तरी हा धावायचा. अडचण आवंढ्याची आहे. तेव्हा रोज घरात पाच मिनिटं, भिंतीकडे तोंड करून का होईना, काहीतरी इंग्रजीत सांगू द्या. कबड्डीची मॅच सांगू द्या. साखळीत दुसऱ्याचा हात न सोडणारा पोरगा तिथल्या ग्राउंडवर वेगळा सांगावा लागत नाही. कबड्डीचे मार्क नाहीत म्हणालो, पण कबड्डीने जे अंगात येतं ते तिथे दिसतं.

आणि लेखी पास झाला तर एसएसबीसाठी पैसे मोजू नका. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी मोफत, राहण्याजेवणासह. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. त्या कार्यालयाची पायरी माजी सैनिकांशिवाय कुणी चढत नाही, तुम्ही चढा.

वाटसरू

मोबाईलवरून टंकतोय, थोडक्यात. एनडीए नाही झालं तर फौज संपली असं मुलाला वाटू देऊ नका. बारावीनंतर जेईई मेन दिली असेल तर लष्कराची टेक्निकल एंट्री आहे (फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात ६० टक्के), नौदलाची केरळातल्या एळिमला अकादमीची बी.टेक. एंट्री आहे. पदवीनंतर यूपीएससीचीच सीडीएस परीक्षा, हवाई दलाची एएफकॅट परीक्षा. माझा चुलतभाऊ एनडीएत चार वेळा पडला आणि सीडीएसमधून गेला. आज त्याला कुणी विचारत नाही कुठल्या दाराने आलास.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसूनही सांगितलं नसतं.

आडवाटदादा, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्या दिवशीच तालुक्याला नेलं. रंगांची तपासणी झाली. मी मागे उभी होते आणि दुसरं पान उघडल्यावर माझाच श्वास अडकला. तो "आठ" म्हणाला. बाहेर आल्यावर मला विचारतो, आई तू का रडतेस, आठच होता ना? ओल्या पायाचा ठसाही घेतला, मग मिस्टरांचा, सासूबाईंचा, शेजारच्या बंटीचा. फरशीभर पावलं. सगळ्यांची कमान ठीक, फक्त माझी सपाट निघाली. चष्म्याचा नंबर परिशिष्ट वाचून लष्कराच्या मर्यादेत वाटतोय.

रविवारी पेपरही झाला. गणितात ४१, दुसऱ्यात १२८. बेरीज १६९. तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, जुना कॅडेट काकांनी सहा महिन्यांनी परत बसायला सांगितलंय. अकॅडमीला नाही म्हणून कळवलं. गणिताला इथलेच एक सर धरलेत, महिन्याला हजार रुपये.

छंदात काय लिहू विचारत होता. मी म्हटलं, तू रोज करतोस ते.

कोयनाकाठ

धागा वर काढतेय, दीड वर्षाने. बऱ्याच जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं होतं म्हणून.

सहा महिन्यांनी परत पेपर दिला तेव्हा २७१ आले होते. बारावीत असताना सप्टेंबरच्या परीक्षेत यादीत नाव नव्हतं. एप्रिलला परत बसला. निकाल लागला तेव्हा मिस्टर ड्युटीवर होते, डेपोतल्या कुणाच्या तरी मोबाईलवर ती नुसत्या नंबरांची यादी उघडून बोट फिरवत बसले. दोनदा बोट नंबरावरून पुढे गेलं. तिसऱ्यांदा सापडला. यूपीएससीच्या यादीनंतर लष्कराच्या भरतीच्या साइटवर दोन आठवड्यांत वेगळी नोंदणी करावी लागते. ज्यांची मुलं पुढे बसणार आहेत त्यांनी हे लिहून ठेवा, याच्या वर्गातला एकजण तेवढ्यासाठी धावपळीत सापडला होता.

नाशिक रोडला राहून आला. एसएसबीचं पत्र आलं, गेला, आणि पहिल्याच दिवशी दुपारी परत निघाला. स्क्रीन आउट. रात्री गाडीतून फोन केला तेव्हा आवाज बरा होता. म्हणाला, चित्रात मला विहीर दिसली, बाकी सगळ्यांना बसस्टॉप. सगळे एकदम ओरडत होते, मी एकदाच बोललो. मी विचारलं, काय बोललास? तर म्हणाला, "मी म्हटलं एकेक जण बोलूया, कडेच्या मुलाची गोष्ट अजून ऐकलीच नाही." इंग्रजीत म्हणालास? "हो. चुकीचं असेल, पण म्हणालो."

घरी आल्यावर पहाटेचं पळणं दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी परत सुरू. सप्टेंबरची परीक्षाही दिलीय, त्याच्या मते आधीपेक्षा बरी गेलीय. कॅलेंडरवर एप्रिलची एक खूण अजून बाकी आहे. इथल्याच कॉलेजात बीएस्सीला नावही घातलंय, वाटसरूंनी लिहिलेलं लक्षात ठेवून.

एकच विचारायचं होतं. पहिल्या वेळी गाडीभाडं मिळालं. परत पत्र आलं तर दुसऱ्या वेळी मिळत नाही म्हणतात, खरं का?

रोखठोक

खरं आहे. त्याच एंट्रीला दुसऱ्यांदा गेलं की नाही मिळत, मी दोनदा खिशातून गेलोय. स्लीपरचं तिकीट पत्र आल्या दिवशीच काढा. आणि "कडेच्या मुलाची गोष्ट ऐकलीच नाही" म्हणणाऱ्याला माझ्यातर्फे येताना एक दिवस आमच्याकडे उतरायला सांगा, म्हैस अजून आहे. पत्ता व्यनि करतो.